ट्रायकोकार्ड लावले अन् तिसऱ्या दिवशी भावानं फवारलं, आता काय करू?

धुऱ्यावरची_बाभूळ (नेर, यवतमाळ) | रविवार रात्री ९.४०

रामराम मंडळी. थोडं लांबण लागेल पण पूर्ण वाचा अन् मी कुठं चुकलो ते सांगा.

साडेचार एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे, जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली. मागची दोन वर्षं डोमकळ्या (बोंडअळीनं मिटवलेली फुलं) तोडून तोडून कंबर गेली म्हणून यंदा ठरवलंच होतं की फुलं लागली अन् सापळ्यात पतंग दिसले की कार्ड लावायचे. एकरी ३ सांगतात, मी २ एकरासाठी ६ आणले, बाकीचं वावर तसंच ठेवलं, म्हटलं फरक तरी दिसेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका कार्डावर तांदळातल्या पतंगाची साधारण १८ ते २० हजार अंडी चिकटवलेली असतात अन् त्या अंड्यांच्या आत आपली गांधीलमाशी (ट्रायकोग्रामा) वाढत असते. ती निघते अन् बोंडअळीच्या अंड्यात आपली अंडी घालते, अळी जन्मालाच येत नाही. तर पट्ट्या कापल्या, संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी, बायको अन् पोरगा तिघांनी स्टेपलरनं पानाच्या खालच्या बाजूनं टोचल्या. पोरगा विचारे, बाबा एवढ्या गांधीलमाश्या निघाल्या तर आपल्याला डसतील ना. म्हटलं बेटा टाचणीच्या डोक्यावर दोन-तीन बसतील एवढी ती, ती काय डसते.

तिसऱ्या दिवशी बँकेच्या कामानं यवतमाळला जावं लागलं. परत आलो तर धुऱ्यावर (बांधावर) पंप अन् भाऊ हात धुऊन राहिला. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीनचं तयार मिश्रण, त्याच्या संग ॲसिफेट, त्याच्या संग टॉनिक, सगळं एकाच पंपात. म्हणे तुडतुडे (पानाचा रस पिणारी कीड) लय झाले होते, दुकानात गेलो तर हेच दिलं. त्याला तरी काय बोलणार, मीच सांगितलं नव्हतं. पट्ट्या त्यानं पाहिल्या होत्या पण त्याला वाटलं पोरानं काहीतरी चिकटवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक पट्टी काढून आणली, पोराचं जत्रेतलं भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढं धरलं. काळी काळी अंडी, काहींना बारीक गोल छिद्र, म्हणजे ती निघून गेलेली. पण कितीतरी अंड्यांतून नुसतं डोकं बाहेर, दोन लाल डोळे, पुढचे पाय बाहेर, अन् तशीच वाळून गेलेली. अंडं कुरतडून दार केलं बिचारीनं अन् दारातच मेली. फोटो टाकला असता पण हलून गेला.

आता उरलेल्या अंड्यांतून काही निघेल का, अन् नवीन कार्ड लावायचे तर किती दिवस थांबू?


काळीकसदार (हिंगणघाट) | रविवार रात्री १०.१५

भाऊ वाईट वाटलं, पण खरं सांगू का, हे कार्डबिर्ड आपल्या कामाचं नाई. तुडतुडे आले तं ट्रायको काय तुडतुडे खाते का? नाई खात. मंग पानं कोकडून लाल होऊन राहिले अन् आपण काय कार्डाकडं पाहत बसाचं का? पंप तं उचलाच लागते. अन् एकदा पंप उचलला का तुमचं कार्ड गेलं. म्हणजे दोन्हीचा खर्च अन् फायदा एकाचा. म्या २०१७ पाह्यलं हाये, बोंड फोडलं का आत गुलाबी अळी, फोडलं का अळी, वेचणीले बाया यायले तयार नव्हत्या. तवा कुठं होते हे कार्डवाले?


कीडबीड (अकोला) | रविवार रात्री ११.०२

बाभूळभाऊ, आधी तुमचं उत्तर देतो मग काळीकसदार काकांकडं वळतो.

अंड्याच्या आत असलेली गांधीलमाशी तशी थोडी सुरक्षित असते, वरचं कवच औषधाला बऱ्यापैकी अडवतं. म्हणून पुस्तकात कधी कधी वाचायला मिळतं की कोषावस्थेत असताना फवारलं तर कमी नुकसान. पण खरी गोम पुढं आहे. बाहेर यायला तिला ते कवच दातानं कुरतडावं लागतं, अन् कवचावर तर तुमच्या भावानं फवारलेलं औषध बसलेलं. म्हणजे पहिला घासच विषाचा. तुम्ही भिंगात जे अर्धवट निघालेले जीव पाहिले ते हेच. ऑर्गॅनोफॉस्फेट (प्रोफेनोफॉस, ॲसिफेट) अन् सिंथेटिक पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रीन), हे दोन्ही गट ट्रायकोग्रामासाठी सगळ्यात वाईट, अन् तुमच्या पंपात दोन्ही होते.

अन् ज्या निघाल्या त्याही सुटल्या समजू नका. ही माशी उडते कमी अन् चालते जास्त. पानावर मिशा आपटत आपटत अंडं शोधत फिरते, म्हणजे जेवढं पान फवारलेलं तेवढं ती पायानं गोळा करते. मरत नाही तेव्हाही गडबड होते, आयुष्य कमी होतं, अंडी कमी घालते, पतंगाच्या अंड्याचा वास नीट ओळखत नाही. शेतकऱ्याला हे दिसतच नाही. त्याला एवढंच दिसतं की कार्ड लावलं अन् उपयोग झाला नाही.

उरलेल्या पट्ट्यांवर आशा ठेवू नका. नवीन कार्डासाठी या मिश्रणानंतर आठवडा पुरणार नाही, पायरेथ्रॉइडचा अंश पानावर बराच काळ राहतो. दोन-तीन आठवडे धरून चाला, अन् लावायच्या आधी तपासून घ्या. कसं तपासायचं ते उद्या सांगतो, झोप आली.


जुना_पऱ्हाटीवाला (दर्यापूर) | सोमवार सकाळी ६.२०

पोरं हो, मी ६२ वर्साचा हाये, टायपिंग हयू हयू होते तं सांभायून घ्या.

काळीकसदार म्हनते का तुडतुडे आले का पंप उचलाच लागते. बरोबर हाये. पन मी एक गोष्ट सांगतो. २००७-०८ च्या आसपास पऱ्हाटीवर तो पांढरा पिठ्या ढेकून आला होता, आठवते का? मिलीबग मिलीबग म्हनत होते. पऱ्हाटीच्या शेंड्यावर कापूस पिंजून ठेवल्यावानी. गाजर गवतावर बी तोच, जास्वंदावर बी तोच. आमी काय नाई मारलं त्याच्यावर? जे दुकानात भेटलं ते मारलं. त्याच्या अंगावर मेन असते, औषध लागतच नोयतं. पंप मारला का आठ दिवसानं पुन्हा तसाच.

अन् मंग एक साल पाह्यतो तं शेंड्यावर पांढऱ्या ढेकनाच्या जागी तांबूस कडक गोया. बोटानं दाबल्या तं कडक, ढेकून दाबला तं जसं पानी निंघते तसं नाई. आमाले वाटलं औषधानं वायले. मंग वावरात आलेल्या एका साहेबानं गोयी हातावर घेतली अन् दाखवलं, याले भोक हाये पाहा, यातून माशी निंघून गेली. कोनी सोडली नोयती ते. आपल्यानंच आली, अन् दोन सालात तो ढेकून असा गेला का आता पोरायले नाव बी माहीत नाई.

अन् सगयात मोठी गोष्ट, ते गोया सगयात जास्त कुठं होत्या सांगू? धुऱ्यावरच्या गाजर गवतावर, जिथं आमी पंप मारत नोयतो तिथं.


कीडबीड (अकोला) | सोमवार सकाळी ९.४८

आबा, सलाम! ही एकदम खरी गोष्ट आहे अन् त्या माशीचं नाव पण सांगतो. एनासियस बांबावालेई. २००९ ला तिला हे नाव दिलं गेलं, कीड व्यवस्थापनातले शास्त्रज्ञ डॉ. बांबावाले यांच्यावरून. पुढं कळलं की हीच माशी आधीच दुसऱ्या नावानं नोंदलेली होती, म्हणून आता एनासियस ॲरिझोनेन्सिस म्हणतात. पण आपल्याकडचे लोक बांबावालेईच म्हणतात अन् मला तेच आवडतं.

अन् तुमचं गाजर गवताचं निरीक्षण तर परीक्षेत लिहिण्यासारखं आहे. फवारलेल्या वावरात ढेकूण जगला (मेणामुळं) अन् माशी मेली (तिच्या अंगावर मेण कुठं), धुऱ्यावर दोघं जगले अन् माशी जिंकली.


दुकानातला (नाव नको, कृषी केंद्र आहे) | सोमवार दुपारी १.१०

सगळे दुकानदारावर येणार म्हणून आधीच बोलतो. माझ्या काउंटरवर दिवसाला जेवढे शेतकरी येतात त्यातले बहुतेक पहिलं वाक्य काय म्हणतात माहिती आहे का, "भाऊ काहीतरी जोरदार द्या." मी जर म्हटलं की तुडतुडे दर पानामागं दोन-तीनच्या वर आहेत का मोजून या, तर तो समोरच्या दुकानात जातो अन् तिथून जोरदार घेतो. उधारी माझ्याकडं अन् नगदी त्याच्याकडं, असंही होतं. तीन औषधं एकत्र करायचं लेबलवर कुठंच लिहिलेलं नसतं हे मला माहीत आहे, अन् २०१७ ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता माणसं गेली तेव्हापासून मी मिश्रण सांगणं बंद केलं आहे, हे माझ्या गिऱ्हाइकांना विचारा. पण ट्रायकोकार्ड दुकानात ठेवायचं म्हटलं तर ते चार-पाच दिवसांत फुटतं. औषधाचा डबा दोन वर्षं राहतो. फ्रीजमध्ये ठेवलं तर थोडे दिवस पुढं ढकलता येतं, पण आमच्याकडं लाईट किती तास असते ते बोलायला नको. म्हणजे मी ठेवू तरी काय?

तरी तुमच्या भावाला दुकानदारानं जे दिलं ते चुकलंच, ते मान्य.


धुऱ्यावरची_बाभूळ (नेर, यवतमाळ) | सोमवार दुपारी २.३५

दुकानातले भाऊ, तुमच्याकडूनच घेतलं असं नाही हो, मनावर घेऊ नका. भावाला मी काल रात्री विचारलं तेव्हा त्यानंही हेच सांगितलं, मीच जोरदार मागितलं म्हणे.

आबा, तुमची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. तिला ती तांबूस गोळी आठवते, म्हणे आम्ही लहानपणी फोडायचो.


माहेर_आर्वी | सोमवार संध्याकाळी ७.०५

मी कार्ड तीन वर्षांपासून लावते आहे म्हणून थोडं लिहिते. दादा, कार्ड घेताना त्याच्यावर कधी फुटणार ती तारीख लिहिलेली असते ती पाहिली होती का? पहिल्या वर्षी मला मिळालेले कार्ड पिशवीतच फुटून गेलेले होते, गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवलं होतं आमच्या ह्यांनी. घरी येऊन पिशवी उघडली तर आत धुरळा उडाल्यासारखं झालं, तीच माझी गांधीलमाशी, सगळी वऱ्हांड्यातच उडून गेली. तेव्हापासून मी सुती पिशवीत घालून पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून आणते. अन् मुंग्यांचं पण पाहत जा, पट्ट्या रात्रीतून चाटून नेतात, म्हणून मी अंडी काळी पडून फुटायला आली असतील तेव्हाच बांधते, जास्त वेळ झाडावर राहूच देत नाही.

पऱ्हाटीवर मला फरक वाटला, पण हरभऱ्यावर मात्र अजिबात नाही. घाटेअळीसाठी लावले होते. मग कळलं की हरभऱ्याच्या पानावर ती जी आंब असते ना (आमची आजी पहाटे फडकं फिरवून गोळा करायची, पोटदुखीवर) ती त्या माशीला चालतच देत नाही. बिचारी चिकटून मरते. तुरीच्या शेंगेवर पण केसाळपणा अन् चिकटपणा असतो म्हणून तिथंही कमीच. म्हणजे मी औषध मारलं नसतं तरी ते गेलेच असते, अन् मी मनात म्हणत होते शेजाऱ्यानंच मारलं वाटतं.


कीडबीड (अकोला) | सोमवार रात्री ८.३०

ताई अगदी बरोबर. हरभऱ्यावर काम करणारी माशी वेगळी आहे, कॅम्पोलेटिस म्हणतात तिला. ती अंड्यात नाही, लहान घाटेअळीच्या अंगातच अंडं घालते अन् शेवटी अळी नुसती कातडी उरते, तिच्याजवळ पानावर एक छोटा करडा कोष दिसतो, त्यावर काळपट पट्टे. पुढच्या वेळी हरभऱ्यात बसून शोधा. पण ती तुम्हाला दिसणार जिथं फुलोऱ्याच्या आधी उगाच फवारणी झालेली नसेल तिथंच. अळी छोटी असतानाच ती काम करते अन् आपण अळी मोठी झाल्यावर घाबरून पंप घेतो, तोवर तिची एक पिढी निघायच्या बेतात असते.

आता बाभूळभाऊ, तपासायची पद्धत. काचेच्या दोन बरण्या घ्या, कोरड्या. एकीत तुमच्या फवारलेल्या वावरातलं ताजं पान, दुसरीत न फवारलेल्या झाडाचं (धुऱ्यापासून लांब, परसातली पऱ्हाटी असली तर उत्तम). दोन्हीत फुटायला आलेल्या पट्टीचा तुकडा, कापसाच्या बोळ्यावर मधाचा एक थेंब, वरून बारीक सुती कापड अन् रबर. सावलीत ठेवा. माश्या निघाल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगानं पाहा कुठं चालून राहिल्या अन् कुठं नाही. फवारलेल्या पानावर चालून राहिल्या तर नवीन कार्ड लावा, नाही तर थांबा.

हे काही मी शोधलेलं नाही. जगभर औषधं अशीच तपासतात, काचेच्या तुकड्यावर औषध फवारतात, सुकवतात, त्यावर माश्या सोडतात. आंतरराष्ट्रीय जैविक नियंत्रण संघटनेनं त्याचे चार वर्ग केलेत. प्रयोगशाळेत माशीच्या कामात ३० टक्क्यांपेक्षा कमी घट आली तर निरुपद्रवी, ३० ते ७९ थोडं घातक, ८० ते ९९ मध्यम, अन् ९९ च्या वर घातक. ट्रायकोग्रामा ही त्या परीक्षेला कायम बसवलेली. गंमत म्हणजे आपल्या डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो, लाल पिवळा निळा हिरवा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो उंदरासारख्या प्राण्यांवर किती विष चढतं यावरून ठरतो, म्हणजे आपल्यासाठी. माशीसाठी डब्यावर त्रिकोणच नाही.


काळीकसदार (हिंगणघाट) | सोमवार रात्री ९.१२

मास्तर, तुम्ही सगळं सांगितलं पण माह्या तुडतुड्याचं उत्तर नाई दिलं.


कीडबीड (अकोला) | सोमवार रात्री ९.५०

काका, उत्तर देतो पण गोड नाही. तुडतुड्यासाठी कधी कधी फवारावंच लागतं, ते मी नाकारतच नाही. प्रश्न काय फवारता अन् केव्हा याचा. पहिली गोष्ट, बीटी बियाणं आधीच इमिडाक्लोप्रिड किंवा तशाच औषधाची प्रक्रिया करून येतं, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत बहुधा गरजच नसते, तरी आपण विसाव्या दिवशी पहिला पंप मारतो. दुसरी, मोजून मारायचं, पानामागं दोन-तीन तुडतुडे सरासरी झाले की. तिसरी, त्या वेळी फ्लोनिकॅमिड सारखं औषध निवडायचं, ते रस शोषणाऱ्या किडीवर चालतं अन् माशीला तुलनेनं हलकं जातं. ॲसिफेट-मोनोक्रोटोफॉस-सायपर हे तिघं सोडा. सायपरसारख्या पायरेथ्रॉइडनं तर पांढरी माशी उलट वाढते, ते तुम्ही पाहिलं असेलच. मारल्यानंतर आठ-दहा दिवस जाऊ द्या अन् मग कार्ड.

अन् बोंडअळीवर अंड्याच्याच वेळी घाव का घालायचा, तर गुलाबी अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात पातीत (कळीत) नाही तर बोंडात शिरते, मग वरून काहीही ओता. म्हणूनच तिच्यासाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री ही माशी सुचवतात. हेक्टरी दीड लाख, म्हणजे एकरी ६० हजार, तुमचे तेच ३ कार्ड.


काळीकसदार (हिंगणघाट) | सोमवार रात्री १०.०५

अन् मंग ते खोडाले लावाचं? आमच्या गावात दोघं-तिघं ब्रशनं खोडाले औषध लावून राहिले. वर फवाराच नाई म्हून माशीले धोका नाई, असं ते म्हणतात.


कीडबीड (अकोला) | सोमवार रात्री १०.४०

चांगली पद्धत आहे, फवारणीपेक्षा लाख पटीनं बरी, माणसासाठी पण. पण "धोका नाई" म्हणू नका. कपाशीच्या पानामागं मधल्या शिरेवर एक छोटी गाठ असते, भिंगानं पाहाल तर त्यातून गोड रस पाझरतो. फुलाबाहेरचा मध म्हणतात त्याला. मुंग्या, गांधीलमाश्या तो पितात. आता औषध खोडातून वर चढतं ते पानात जातं, मग तो रस कुठून येतो? २०१९ ला स्पेनमध्ये संत्र्या-लिंबाच्या झाडांवर असंच काहीसं बारकाईनं पाहिलं गेलं. झाडाला थायोमेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड दिलं, पिठ्या ढेकणानं झाडाचा रस पिऊन गोड चिकटा सोडला, अन् तो चिकटा खाणाऱ्या गांधीलमाश्या अन् फुलमाश्या मेल्या. ढेकूण मात्र जिवंत होता, तोच तर चिकटा देत होता.


संत्राबाग_मोर्शी | मंगळवार सकाळी ७.१५

संत्र्याचं नाव निघालं म्हणून आलो, नाहीतर मी कापूसवाल्यांच्या धाग्यावर येत नाही, आमची दुखणी वेगळी.

आमच्या बागेत कोळशी येते. काळी माशी रस पिते, चिकटा सोडते, चिकट्यावर काळी बुरशी, अन् सगळं पान फळ काळं. सायला नावाच्या रस पिणाऱ्या किडीचंही तेच, बारीक पिल्लं नव्या नवतीवर. दर बहाराला मी चार-पाच फवारण्या करायचो अन् दर बहाराला कोळशी. एका वर्षी अंबिया बहाराच्या वेळी पैसे नव्हते म्हणून विहिरीजवळच्या दहा-बारा झाडांना काहीच मारलं नाही. नंतर पानं उलटून पाहिली तर सायलाच्या पिल्लांचे ममी (वाळलेली खोकी) झालेले, तपकिरी, पानाला चिकटलेले, प्रत्येकाच्या छातीवर नीट गोल छिद्र. टॅमरिक्सिया नावाची माशी आहे ती, नंतर नागपूरच्या लिंबूवर्गीय संस्थेत गेलो तेव्हा कळलं. बाकी बागेत पानं उलटली, सायला होता, ममी एकही नाही.

तिथल्या गोष्टी ऐकता ऐकता एक मजेशीर कळली. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात पॉल डीबॅक नावाचा माणूस होता. त्याला सिद्ध करायचं होतं की खवले किडीला माशीच दाबून ठेवते. आता हे सिद्ध करायचं कसं, माशी तर काढून दाखवता येत नाही. तर त्यानं काही झाडांवर मुद्दाम थोडं डीडीटी मारलं, एवढंच की माशी मरावी अन् खवले किडीला काही होऊ नये. ती झाडं खवल्यांनी भरून गेली अन् न मारलेली तशीच हिरवी. म्हणजे आपण सगळे दर वर्षी जो प्रयोग पैसे देऊन करतो, तो त्यानं पगार घेऊन केला.

अजून एक. रोडच्या कडेच्या झाडांवर कीड जास्त का असते कोणी विचार केला का? धूळ. धुळीनं या माश्या मरतात, पानावर नीट फिरता येत नाही. आमच्या बाजूनं रोडचं काम सुरू झालं तेव्हापासून कडेच्या दोन ओळी गेल्या, ठेकेदार काही पाणी मारत नाही.


धानवाला_तुमसर | मंगळवार सकाळी १०.३०

पूर्व विदर्भाकडं कोणी पाहतच नाही म्हणून दोन ओळी. आमच्याकडं धानावर गादमाशी येते, पोंग्याच्या जागी चंदेरी नळी निघते अन् लोंबी येतच नाही. त्या नळ्या फोडून पाहा कधी, हंगामाच्या शेवटी शेवटी बऱ्याच नळ्यांत गादमाशीचं पिल्लू नसतंच, त्याच्या जागी बारीक काळ्या माश्यांचे कोष, दाणे भरल्यासारखे. प्लॅटीगॅस्टर नाव आहे. लोक नेमकं तेव्हाच घाबरून दाणेदार औषध फेकतात, नळी तर परत धान होत नाही, जाते ती माशी.

तपकिरी तुडतुड्यासाठी इंडोनेशियानं १९८६ ला एका फटक्यात धानावरची ५७ कीटकनाशकं बंद केली होती, कारण जेवढं मारलं तेवढा तुडतुडा वाढला. आपल्याकडं असं झालं तर दुकानातल्या भाऊंचं कसं होईल ते माहीत नाही 😀


दुकानातला | मंगळवार दुपारी १२.०५

दुकानातले भाऊ फ्रीज घेतील अन् कार्ड विकतील. तुम्ही फक्त नगदी द्या.

एक प्रश्न मात्र आहे. आजकाल लोक जैविक मागतात, तर मी स्पिनोसॅड देतो, जिवाणूपासून बनतं म्हणून. ते तर माशीला चालेल ना?


कीडबीड (अकोला) | मंगळवार दुपारी १२.४०

नाही! अन् इथंच बहुतेक जण फसतात. स्पिनोसॅड जिवाणूपासून बनतं हे खरं, पण गांधीलमाशीच्या जातीला ते चांगलंच घातक आहे, ताजं असताना ट्रायकोग्रामा त्यावर टिकत नाही. उलट क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल सारखं पूर्ण रासायनिक औषध माशीला बरंच सौम्य. "जैविक" म्हणजे माशीला बरं अन् "रासायनिक" म्हणजे वाईट असं सरळ गणित नाही. ५ टक्के निंबोळी अर्क बऱ्यापैकी चालतो, पण तोही कार्डावर नका मारू अन् कडक करून नका मारू. बीटी जिवाणूची पावडर मात्र माशीला काही करत नाही.


माहेर_आर्वी | मंगळवार दुपारी ३.२०

कार्ड लावलेल्या वावराला मी एक खूण करते, कोपऱ्याच्या बांबूला पिवळं फडकं. शेजारच्या काकांना सांगून ठेवलंय की फडकं दिसलं तर वारा माझ्याकडं असताना पंप नका चालवू. ते आधी हसायचे. आता त्यांची सून स्वतः विचारायला येते, काकू फडकं काढलं का. पॉवर पंपाचा फवारा दोन-चार तास चालला की शेजारच्या वावरात वास येतो तर माशीला येणारच ना.


धुऱ्यावरची_बाभूळ (नेर, यवतमाळ) | शनिवार रात्री ८.५५

मंडळी, बरण्या केल्या. पट्टी घरच्याच एका जुन्या कार्डाची नव्हती, मुद्दाम एक नवीन कार्ड मागवलं त्यासाठी. पोरानं दोन्ही बरण्यांवर कागद चिकटवला, एकीवर "काकाचं पान", दुसरीवर "आजीचं पान" (आईच्या परसातल्या झाडाचं). दोन्ही माळवदावर नाही, आत देवघराच्या कोनाड्यात ठेवल्या, सावलीत.

परवा संध्याकाळी दोन्हीत माश्या निघाल्या. काल सकाळी भावाला उठवलं अन् भिंग त्याच्या हातात दिलं, मी काही बोललो नाही. आजीच्या बरणीत काचेवरून धुळीचे कण चालल्यासारखं, कापसाच्या बोळ्याला गर्दी. काकाच्या बरणीत पानावर काळे ठिपके, अन् हलणारं एकही नाही. फवारून तेव्हा नववा दिवस होता. भाऊ बराच वेळ पाहत बसला. मग म्हणे, दादा, अन् मी तर त्या दिवशी हातमोजे न घालता फवारलं, नुसते हात धुतले.

तुडतुडे मोजले आज, पानामागं एक-दीड आहेत. फवारत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा बरणी, अन् बरणीत माश्या चालल्या की कार्ड, यावेळी पूर्ण साडेचार एकर. बायको म्हणते पिवळं फडकं तिच्या जुन्या साडीचं लावू.


काळीकसदार (हिंगणघाट) | शनिवार रात्री ९.३०

नववा दिवस? नऊ दिवसानं बी एकही नाई?


धुऱ्यावरची_बाभूळ (नेर, यवतमाळ) | शनिवार रात्री ९.३४

एकही नाही काका. पाऊस पण मधे आला नव्हता.


काळीकसदार (हिंगणघाट) | शनिवार रात्री १०.२०

बरं. म्या १ एकर ठेवतो, धुऱ्याकडचा. माह्ये बी ३ कार्ड त्याच गाडीत सांग, पैसे नगदी देतो, दुकानातल्या भावाच्या भाषेत. अन् त्या दिवसापासून माह्या पंप तुह्या घरी ठेवशीन का बाप्पा, माह्या पोराचा काही भरोसा नाई.